प्लासिडच्या मशीनवरचा श्वास

सुधाकर गेला त्या दिवशी प्लासिड रडला नाही. यावर त्याच्या वटारमध्येही लोक बोलले आणि सुधाकरच्या मनवेलपाड्यातही बोलले, म्हणून हे आधीच सांगून टाकलेलं बरं. विरारच्या स्मशानात तो शेवटपर्यंत उभा होता. लाकडं उचलायला हात लावला, रडणाऱ्यांना पाणी आणून दिलं, कुणाची गाडी कुणाच्या आड लागली ते सोडवलं. मग स्कूटर काढून घरी आला, आंघोळ केली, आणि भात परत मागून घेऊन जेवला.

नॅन्सी, त्याची बायको, ताटाकडे बघत बसली.

"प्लासी, तुला काय होतंय का?"

"काय नाय."

"काय नाय म्हणजे?"

"म्हणजे काहीच होत नाय."

थाप नव्हती ती. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई मारतो, मग ओठ आपलाच असतो पण चावला तरी कळत नाही, तसं झालं होतं. फक्त ओठाचं नाही, सगळ्याचंच.

प्लासिड चव्वेचाळीसचा. घर वटारला, मागे केळीची वाडी, ती भाऊ बघतो. हा सातिवलीला पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सला. दिवसभर मोटरी, पट्टे, ग्रीस. आणि घरी आला की फ्री जॅझ.

फ्री जॅझ म्हणजे काय हे त्याला विचारायची सोय नाही. विचारलं की तो रेकॉर्ड लावतो आणि पाहुणा अर्धा चहा टाकून उठतो. चाल नाही. ठेका धरावा तर निसटतो. चार-पाच माणसं आपापलं वाजवतायत आणि सॅक्सोफोनवाला मान धरलेल्या कोंबडीसारखा ओरडतोय. नॅन्सी म्हणायची, "कारखान्यात खडखड ऐकून दमतोस, मग घरी येऊन खडखडच लावतोस. तुझ्यासारखा इमानदार कामगार दुसरा नाय."

पण ते उगाच कसंही वाजवणं नसतं. एकजण कुठे चाललाय ते बाकीचे कान टवकारून ऐकत असतात, आणि कुणी कुणाला थांब म्हणत नाही. हे प्लासिडला नीट कुणी सांगितलं असेल तर सुधाकरने.

त्याच्या आधी प्लासिडकडे नुसतं रेकॉर्ड वाजवायचं मशीन होतं. व्हिन्सेंटमामा बोटीवर कामाला होता, त्याने रिटायर होताना अमेरिकेतून आणलेलं. सोबत रेकॉर्डचा एक गठ्ठा, कुणाच्या तरी घरातून स्वस्तात उचललेला. मामाने त्यातल्या दोन ऐकल्या आणि म्हणाला, "हे घेऊन जा रे बाबा, नायतर मी विहिरीत टाकीन." मशीन एकशेदहा व्होल्टचं, म्हणून व्होल्ट उतरवणारा एक स्टेप-डाऊनही दिला. वसईत बोटीवरच्या माणसांच्या घरी असे जड काळे ठोकळे असतातच, मिक्सरच्या मागे, टीव्हीच्या खाली. तो लावला की अमेरिकेची वस्तू आपल्या विजेवर चालते. प्रश्न मिटला.

सुधाकर भेटला तो वसई गावातल्या एका भंगारवाल्याकडे. विमा कंपनीत क्लार्क, मूळचा देवगडकडचा, मनवेलपाड्यात चौथ्या मजल्यावर फ्लॅट, बिल्डिंगला लिफ्ट नाही. प्लासिडपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठा. भंगारवाल्याकडे एक रेकॉर्ड होती, कव्हरवर कोऱ्या पांढऱ्यात एकटी खुर्ची. दोघांनी एकदमच हात घातला.

"तुम्हाला कशाला पाहिजे?" सुधाकरने विचारलं.

"ऐकायला. तुम्हाला?"

"मला पण ऐकायलाच. पण माझ्याकडे मशीन नाही."

"मग काय डोक्यावर फिरवणार?"

यावर सुधाकर एवढा हसला की भंगारवाला वैतागला. शेवटी रेकॉर्ड अर्धी-अर्धी घेतली. एक महिना इकडे वटारला, एक महिना तिकडे मनवेलपाड्याला. मशीन नसलं तरी सुधाकर आपला महिना सोडायचा नाही. कपाटात साड्यांच्या वर ठेवायचा. आणि रविवार आला की ती पिशवीत घालून वटारला यायचा, दोघं ऐकायचे, आणि महिना त्याचा असेल तर ती परत घेऊन जायचा. अशी अकरा वर्षं.

त्या रेकॉर्डच्या पहिल्या बाजूला शेवटाकडे एक जागा आहे. सॅक्सोफोनवाला ओरडून ओरडून थकतो, सगळे गप्प होतात, आणि तो माईकला चिकटूनच श्वास घेतो. जड, खोल, पोतं उतरवून बसलेल्या माणसासारखा. मग पुन्हा सुरू. सुधाकर त्या जागेची वाट बघायचा. श्वास आला की बोट वर करायचा, "बघ. एवढा वेळ कलाकार होता. हा माणूस."

तर सुधाकर मार्चमध्ये गेला, हार्टने, ऑफिसमधून घरी येऊन बूट काढता काढता. आणि तो महिना सुधाकरचा होता. म्हणजे रेकॉर्ड साड्यांच्या वर.

प्लासिडने बाकीच्या रेकॉर्ड लावून बघितल्या. चकती फिरताना दिसायची, आवाज यायचा, बाकी काही नाही. त्याच्या मनाने घेतलं की ती खुर्चीवाली ऐकली, तो श्वास ऐकला, की काहीतरी होईल. रडू येईल, राग येईल, काय पण. पण आणणार कशी? नवरा जाऊन महिना नाही झाला, आणि यमुनावहिनींच्या दारात जाऊन म्हणायचं, वहिनी, माझी रेकॉर्ड द्या? प्लासिड तसला माणूस नाही. त्याची आई, रिटा, तिने तेवढ्यात देवळात सुधाकरच्या नावाने मिस्सेची प्रार्थना सांगितली. फादरने वाचलं, "सुधाकर, मनवेलपाडा, विरार, यांच्या आत्म्यास शांती मिळो." पुढच्या बाकावरची दोन डोकी मागे वळली. प्लासिडने आमेन म्हटलं. तेव्हाही काही नाही.

मग संग्रामचा मेसेज आला.

संग्राम पापडीला राहतो, आर्किटेक्ट. वसई-विरारमध्ये असलं ऐकणारी जी आठ-नऊ माणसं आहेत त्यांचा ग्रुप त्याने काढलाय. ग्रुपवर दिवसरात्र एकच. जुनी रेकॉर्ड नव्याने छापून आली की ती चांगली की वाईट. मूळ टेपवरून केली की कुणाच्या घरातल्या रेकॉर्डवरून कॉपी मारली? रंगीत प्लास्टिकचा आवाज पातळ लागतो की तुमचे कान पातळ आहेत? बँकेतला ॲल्रॉय एकदा दोन आठवडे कुणाशी बोलत नव्हता, कारण कुणीतरी म्हणालं होतं की पहिली छपाई आणि रीइश्यू यात फरक फक्त घमेंडीचा असतो.

संग्रामने लिहिलं होतं, खुर्चीवाली युरोपमधल्या एका छोट्या कंपनीने पुन्हा काढली, माझ्याकडे आली. रविवारी दुपारी सुधाकरसाठी बैठक करू. यमुनावहिनींना बोलावलंय, त्या ओरिजिनल घेऊन येतील. दोन्ही ऐकू.

संग्राम वाईट माणूस नाही. त्याने हे चांगल्या मनानेच केलं.

रविवारी सगळे जमले. यमुनावहिनी मुलीला, उन्नतीला, घेऊन आल्या होत्या. सोफ्याच्या टोकाला बसल्या, मांडीवर ती पिशवी. नवरा अकरा वर्षं कशासाठी रविवार घालवत होता ते त्या पहिल्यांदाच ऐकणार होत्या. संग्रामने दोन शब्द बोलून रीइश्यू लावली.

प्लासिडला पहिल्या मिनिटातच खटकलं. सॅक्सोफोन बारीक झाला होता. ड्रम पळत होते. ती माणसं पोरं झाल्यासारखी वाटत होती. तो गप्प बसला, श्वासाची वाट बघत. सगळे थांबले. आणि श्वास आला तो शिंक येण्याआधी घेतात तसा. सुक्. संपला.

"हे चूक आहे," प्लासिड बोलला.

"काय चूक आहे?"

"स्पीड वाढवलाय यांनी. वाट लावली. श्वास कुठे गेला?"

"आला ना आत्ता," ॲल्रॉय म्हणाला.

"तो श्वास नाय. ती उचकी आहे. अरे, मी अकरा वर्षं ऐकतोय! सुध्या असता तर त्याने ही उचलून खिडकीबाहेर टाकली असती."

"प्लासी, कव्हरवरच्या नोट्समध्ये लिहिलंय, मूळ टेप..." संग्राम म्हणाला.

"नोट्स घाल चुलीत. ओरिजिनल लाव."

यमुनावहिनींनी पिशवीतून रेकॉर्ड काढून दिली. संग्रामने लावली. सॅक्सोफोन तसाच बारीक. ड्रम तसेच पळते. श्वास तसाच, सुक्.

 ॲल्रॉय बोललाच, त्याला राहवत नाही. "म्हणजे ओरिजिनल पण डुप्लिकेट?" दोघं-तिघं हसले. प्लासिड संग्रामच्या मशीनकडे बघत म्हणाला, "मग हे मशीन बिघडलंय." यावर सगळेच हसले, कारण ते मशीन बघायला लोक बोरिवलीहून येतात.

प्लासिडला लाज वाटायला पाहिजे होती. वाटली नाही. त्याने बघितलं ते एवढंच, की यमुनावहिनी हसत नव्हत्या. त्यांचा चेहरा पिठासारखा झाला होता. त्यांनी रेकॉर्ड परत पिशवीत घातली, उन्नतीला "चल गं" म्हटलं आणि समोरच्या बशीतले वडे तसेच ठेवून निघाल्या.

घरी येऊन प्लासिडने मशीनची सगळी वायर काढली आणि ते उलटं धरलं.

"नॅन्सी, खाली काय लिहिलंय बघ."

"थांब, चष्मा आणते." ती टॉर्च मारून वाचायला लागली. "मेड इन... मग एकशेदहा व्होल्ट... साठ हर्ट्झ."

"किती?"

"साठ. का?"

प्लासिड तसाच मशीन धरून उभा राहिला. कारखान्यात रोज तो ज्या मोटरींची टोपणं खोलतो त्या प्रत्येकीवर पन्नास लिहिलेलं असतं. आपल्याकडे वीज पन्नासची. ठोकळा व्होल्ट उतरवतो, हर्ट्झला हात लावत नाही. साठची मोटर पन्नासवर घातली की ती फिरते, पण हळू, आणि तिच्यावरची रेकॉर्डही हळू. मोटरींवर पोट भरणारा माणूस, आणि घरच्या मोटरीखाली कधी वाकून बघितलं नाही.

"भजनाची असती तर पहिल्या दिवशी कळलं असतं," नॅन्सी म्हणाली. "आईंनी नाय का एकदा नाताळची गाणी लावलेली? म्हणाल्या, गाणारा फादर आजारी आहे काय?"

"मी म्हटलं रेकॉर्ड जुनी झाली."

"या तुझ्या कोंबड्या हळू ओरडतात की जोरात, कोणाला कळणार? ओरडणाऱ्यालाच माहीत नसेल."

त्याने ग्रुपवर लिहिलं, "रीइश्यू बरोबर आहे. माझं मशीन साठचं, वीज पन्नासची. आम्ही अकरा वर्षं हळू ऐकली." ॲल्रॉयने हसणारे चेहरे पाठवले आणि थोड्या वेळाने काढून टाकले. संग्रामने सरळ लिहिलं की मोटरवरची पुली जरा मोठी करून घे, स्पीड बरोबर येईल. प्लासिडने कारखान्याशेजारच्या लेथवर, धनेशकडे, पितळेची पुली करून घेतली. बसवली. चकती नीट पळायला लागली. त्याच्या सगळ्या रेकॉर्ड एका दुपारी अनोळखी झाल्या. हे होताना तरी काही वाटेल असं त्याला वाटलं होतं. तो एकेक लावून काढत गेला, तपासणीला बसल्यासारखा.

मग यमुनावहिनींचा फोन आला.

"प्लासिडभाऊ, एक विचारायचं होतं. खरं सांगाल?"

"बोला ना वहिनी."

"तो श्वास. तुम्ही त्या दिवशी भांडत होता तो." त्या थांबल्या. मागे कुकरची शिटी वाजली. "हे जिना चढून वर आले ना की दारात उभं राहून तसा श्वास घ्यायचे. जड. दीड वर्ष तरी. मी म्हणायचे, डॉक्टरला दाखवा. तर हसायचे. म्हणायचे, अगं हे आमच्या रेकॉर्डमधलं आहे, त्या सॅक्सोफोनवाल्याची नक्कल करतोय, तू कधी ऐकली नाहीस म्हणून तुला कळत नाही. मी पण सोडून द्यायचे."

प्लासिडने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि त्या दिवशी ऐकलं तर तसा श्वास नाहीच. दोन्हीत नाही. म्हणजे खोटं बोलत होते ना माझ्याशी? आणि मी येड्यासारखी ऐकून घेतलं. ओढून न्यायला पाहिजे होतं मी."

"वहिनी, होता तो श्वास."

"माझी समजूत काढू नका."

"समजूत नाय काढत. माझ्या मशीनवर होता. मशीन चुकीचं होतं, पण श्वास होता. रेकॉर्ड घेऊन या. ऐकवतो."

त्या रविवारी आल्या, एकट्याच, नाक्यापर्यंत बस आणि तिथून रिक्षा. रिटाने आधी पाणी दिलं, मग केळी दिली, मग विचारलं, "बाय, नीट जेवतेस ना?" प्लासिडने धनेशची पुली सकाळीच काढून मामाच्या मशीनची जुनी परत बसवली होती. हे काम त्याने दात ओठ खाऊन केलं, कारण जुन्या पुलीचा स्क्रू झिजला होता आणि घट्ट बसेना. नॅन्सीने विचारलं, "बरोबर केलेलं परत चूक करतोयस?" तो म्हणाला, "हो."

रेकॉर्ड लागली. यमुनावहिनी पदर हातात धरून ताठ बसल्या. त्यांना त्यातलं काहीही आवडत नव्हतं हे दिसत होतं. एकदा सॅक्सोफोन असा किंचाळला की त्या दचकल्या, आणि रिटा आतून ओरडली, "प्लासिड, बाईमाणूस आलंय घरात, जरा बरं काहीतरी लाव!"

"आई, थांब जरा."

"हेच ऐकायचे?" वहिनींनी हळू विचारलं.

"हेच."

"दर रविवारी?"

"दर रविवारी. थांबा. आता येईल."

सगळी वाद्यं एकेक करून खाली बसली. स्पीकरमधून नुसती सुई घासल्याचा आवाज. आणि मग तो आला. जड, खोल, पोतं उतरवल्यासारखा.

यमुनावहिनींचा हात तोंडावर गेला. "हाच," त्या म्हणाल्या. "देवा, हाच. अगदी हाच."

सॅक्सोफोन पुन्हा सुरू झाला तरी त्या तशाच होत्या. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण चेहरा सैल पडला होता. "खोटं नाही बोलले," त्या म्हणाल्या. "खरंच नक्कलच होती."

प्लासिड मान हलवत राहिला. आत जिथे काहीतरी व्हायला पाहिजे होतं तिथे त्याने चाचपून बघितलं. मोकळंच होतं. पण श्वास ओळखीचा होता, एवढं त्याला कळलं. शेजारच्या घरातला माणूस खोकला की आपण ओळखतो तेवढं.

बाजू संपायला आली. वहिनींनी डोळे पुसले, पाण्याचा ग्लास उचलला, आणि तोंडाला न लावताच ठेवला.

"प्लासिडभाऊ."

"हं."

"इथे तुमच्याकडे आले, बसले, उठले, तेव्हा कधी करायचे का ती नक्कल?"

प्लासिडने आठवून बघितलं. सुधाकर बोट वर करायचा. बोलायचा. हसायचा. सिगरेट नको म्हणायचा.

"इथे नाय केली कधी."

"घरी बसल्या बसल्या नाही, जेवताना नाही. जिना चढून आल्यावरच करायचे."

प्लासिडने होही म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याला नक्की माहीत नव्हतं आणि माहीत असतं तरी त्याने तोंड उघडलं नसतं, कारण दोस्त मेला म्हणून त्याची गुपितं मोकळी होत नाहीत. संग्राम असता तर काहीतरी चांगलं बोलला असता. प्लासिडने सुई उचलली, कापडाने रेकॉर्ड पुसली.

वहिनी बराच वेळ त्याच्या हाताकडे बघत होत्या. रागावलेल्या नव्हत्या. ज्याला विचारायचं तो समोर नाही हे मान्य केल्यासारख्या बसल्या होत्या. बाहेर वाडीत प्लासिडचा भाऊ कुणाला तरी घड कसा उतरवायचा यावरून शिव्या घालत होता.

"मागे पण काही आहे का हिच्या?" त्यांनी विचारलं.

"आहे. पहिल्या बाजूपेक्षा वाईट आहे."

"लावा."

प्लासिडने रेकॉर्ड उलटली. नॅन्सी चहा घेऊन आली, दोघांकडे बघितलं, आणि एरवी दार लोटून आत जाणारी बाई तिसरी खुर्ची ओढून बसली.